देवाच्या नावापुढे किती डॉलर लिहायचे?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय २७.

हा अध्याय बरेच जण भरभर उलटतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मागच्याच अध्यायात पुरूरवा उर्वशीच्या विरहातून जागा झाला, पुढच्या अध्यायात थेट ज्ञानयोग आहे, आणि मधे हा पूजाविधी. आसन कसं मांडावं, पात्रं कशी भरावीत, स्नान कुणाला घालावं, वस्त्र-गंध-नैवेद्य कोणत्या क्रमाने. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एखाद्या सुंदर कादंबरीत मधेच कुणीतरी इन्स्टॉलेशन गाइड चिकटवल्यासारखं वाटतं.

पण उद्धव हा प्रश्न कधी विचारतोय ते बघा. द्वारका बुडणार आहे. सातव्या दिवशी समुद्र तिला गिळेल असं भगवंतांनी त्याला सातव्या अध्यायातच सांगून टाकलंय. एकोणतिसाव्या अध्यायात त्याला बदरिकाश्रमाला जायची आज्ञा होणार आहे, आणि तो स्वामींच्या पादुका डोक्यावर घेऊन निघणार आहे. म्हणजे हा घर सोडण्याच्या बेतात असलेला माणूस आहे. त्याला विचारायचंय की देव समोर नसताना देवाची सेवा कशी करायची. इतक्या अडचणीच्या वेळी तो तत्त्वज्ञान बाजूला ठेवून पूजेची पद्धत विचारतो, हे मला फार खरं वाटतं. घर हलवताना माणसाला असेच प्रश्न पडतात. बारीक, हाताशी असलेले.

गेल्या जूनमध्ये मी आणि बायकोने कॅलिफोर्नियातलं सॅन होजे सोडलं आणि गाडीने टोरांटोच्या बाजूला राहायला गेलो. चार हजार किलोमीटरांहून जास्त रस्ता, बहुतेक सगळा इंटरस्टेट ८० वरून. का सोडलं ते तुमच्यातल्या निम्म्यांना न सांगता कळेल: एच-वन-बीची सहा वर्षं, ग्रीन कार्डला एका देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा, आणि रांगेचं टोक दिसेना. त्याबद्दल आज काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते एका फॉर्मबद्दल आणि त्यातल्या एका रकान्याबद्दल, कारण त्या रकान्याने आम्हाला पाच दिवस छळलं आणि सत्ताविसावा अध्याय मला पहिल्यांदा नीट वाचायला लावला.

कॅनडात कायमचं राहायला जाताना बरोबर नेत असलेल्या प्रत्येक वस्तूची यादी सीमेवर द्यावी लागते. एक यादी बरोबर आणलेल्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत, कॅनडाच्या डॉलरमध्ये. मिक्सर अमुक, गादी तमुक, दोन लॅपटॉप त्यांच्या सीरियल नंबरसकट. ही यादी मी निघायच्या आठवडाभर आधीच स्प्रेडशीटमध्ये केली होती (सवय). गाडी देशाबाहेर न्यायची तर तिची कागदपत्रं अमेरिकेच्या कस्टम्सकडे किमान ७२ तास आधी द्यावी लागतात, तेही झालं होतं. एकशे चाळीसेक ओळी भरल्या होत्या. एकच भाग मोकळा होता: देवघर.

आमचं देवघर काही मोठं नाही. बायकोची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, लग्नात गौरीहराच्या पूजेतून आलेले. पितळी गणपती. मंगेशाचा चांदीचा टाक, कारण मंगेश आमचं कुलदैवत. शंख, घंटा, समई, ताम्हन, पळी-पंचपात्री. आणि बाबांनी दिलेला शाळिग्राम. बाबांच्या हाताला कंप सुटायला लागल्यावर त्यांनी तो माझ्याकडे सोपवला, कारण शाळिग्राम घरात असला की त्याची रोज पूजा व्हायलाच हवी, असं आमच्याकडे मानतात. सुट्टी नाही.

आता पितळेच्या आणि चांदीच्या वस्तूंना वजनावरून किंमत लावता येते. मन थोडं खट्टू होतं, पण लावता येते. शाळिग्रामाचं काय? नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात सापडणारा काळा दगड. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतील की आत अमोनाइट नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचा ठसा आहे. परंपरा म्हणते की हा साक्षात विष्णू आहे, त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. आणि हीच परंपरा असंही सांगते की शाळिग्राम विकू नये, विकत घेऊ नये, त्याची किंमत करू नये. किंमत करणं हाच दोष.

म्हणजे एकीकडे सरकारी कागद म्हणतोय, किंमत लिही आणि खरी लिही. दुसरीकडे धर्म म्हणतोय, किंमत करूच नको. आणि दोन्हीकडे प्रश्न सत्याचाच आहे.

पहिल्या दिवशी नेवाडाच्या वाळवंटातून जाताना मला हा प्रश्न अगदी सोपा वाटत होता. मी म्हटलं, "एक डॉलर लिहू. नाममात्र. कुणाचं काही बिघडत नाही."

बायको म्हणाली, "एक डॉलर ही किंमत झाली ना? लाख डॉलर लिहिले काय आणि एक लिहिला काय, तू किंमत केलीसच."

"मग शून्य लिहू."

"शून्य म्हणजे कवडीमोल. ते तर त्याहून वाईट."

आमच्यातल्या प्रोग्रामर मंडळींना यातली गंमत कळेल. शून्य आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नाही निघालं. नल म्हणजे इथे मोजणं लागूच होत नाही. शाळिग्रामाच्या रकान्यात खरं उत्तर नल आहे. पण बहुतेक फॉर्मांना नल चालत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक माणसांनाही चालत नाही. सगळ्याला काहीतरी आकडा असलाच पाहिजे, हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की आकडा नाही म्हटलं की आपल्याला वाटतं, माहिती अपुरी आहे.

यादीत लिहायचंच नाही, हा मार्गही होता. छोटा दगड, खिशात मावतो. कुणाला कळणार? पण तो मार्ग आम्ही दोघांनीही चर्चेला घेतला नाही. विष्णूला चोरून सीमेपार न्यायचं आणि मग त्याच्यासमोर बसून विष्णुसहस्रनाम म्हणायचं, हे जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेंडोव्हर ओलांडलं की बॉनव्हिलचं मिठाचं मैदान लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरं. गाडी थांबवून आम्ही पंधरा मिनिटं नुसते उभे राहिलो. तिथे बायकोने फोनवर फॉर्मच्या सूचना पुन्हा वाचायला घेतल्या, आणि एक वाक्य तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा आशय असा की नवीन राहायला येणाऱ्या माणसाला सामान करमुक्त आणायचं असेल तर तीन अटी आहेत: त्या वस्तूवर त्याची आधीपासून मालकी असली पाहिजे, ती त्याच्या ताब्यात असली पाहिजे, आणि त्याने ती वापरलेली असली पाहिजे. लग्नात मिळालेल्या भेटींना वापराच्या अटीतून सूट आहे.

"अन्नपूर्णा सुटली," बायको म्हणाली. "लग्नातली भेट."

हसलो आम्ही. पण मग पुढचे तीनशे किलोमीटर गाडीत फारसं कुणी बोललं नाही. मालकी, ताबा, वापर. कस्टम्सच्या कुठल्या तरी अधिकाऱ्याने कर चुकवणाऱ्यांना अडवायला लिहिलेल्या या तीन शब्दांनी भक्तीचा सगळा हिशोब आमच्या पुढ्यात आणून ठेवला.

मालकी घ्या. देवाचा मालक कोण? हा प्रश्न आपल्याकडे खरोखर कोर्टात गेलेला आहे. कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबात वाद झाला होता: पूजेची पाळी आपल्याकडे आली की कुलदेवतेची मूर्ती आपल्या राहत्या घरी नेता येईल का? प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९२५ साली निकाल लागला. निकालाचा सारांश असा की हिंदू देवता ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला इकडून तिकडे नेता येणारी साधी चीजवस्तू म्हणता येणार नाही, आणि तिने कुठे राहावं याबाबत तिच्या स्वतःच्या इच्छेला मान दिला पाहिजे. ती इच्छा शेबाइत, म्हणजे सेवेकरी, बोलून दाखवतो. पण या खटल्यात देवतेची बाजू मांडायला वादाशी हितसंबंध नसलेला वेगळा माणूस नेमावा, असंही न्यायाधीशांनी म्हटलं. इंग्रज न्यायाधीशांनी हे मान्य केलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. हा कायदा अमेरिका-कॅनडाच्या पुलावर लागू नाही हे मला कळतं. पण तो निकाल मी बायकोला सांगितला आणि तिने विचारलं:

"मग आपण विचारलं का त्याला?"

"कुणाला?"

"शाळिग्रामाला. यायचंय का म्हणून."

आता हा प्रश्न तुम्हाला भाबडा वाटेल. पण आमच्या गोव्याकडच्या देवळांमध्ये तो रोज विचारला जातो. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या लावतात, आणि उजवीकडची आधी पडली की डावीकडची, यावरून देवाचा कौल समजतात. लग्न जमवायचं, घर बांधायचं, परगावी जायचं, सगळ्याला कौल. आम्ही तो लावला नव्हता. रॉक स्प्रिंग्जच्या मोटेलमध्ये रात्री मी तिला विचारलं, "समज, लावला असता आणि नको असा आला असता, तर आपण थांबलो असतो?"

तिने एका क्षणात सांगितलं, "नाही."

माझंही उत्तर तेच होतं. आणि मला वाटतं, इथे आपल्या पिढीच्या भक्तीतली एक गोष्ट उघड होते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं, तो देवाला विचारणं म्हणजे देवाकडून सही घेणं आहे. व्हिसाची मुलाखत, अप्रेझल, घराचं कर्ज. निर्णय आपले, शिक्का त्याचा. त्यापेक्षा कौल न लावणं अधिक प्रामाणिक. निर्णय मी घेतलाय, देवाने घेतलेला नाही, आणि तो घेतल्यामुळे त्याच्या रोजच्या पूजेची जबाबदारी आता आणखी माझी आहे, एवढं स्वच्छ म्हणता आलं पाहिजे. माझे एक मित्र याच्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, विचारण्यात नम्रता आहे, उत्तर पाळता नाही आलं तरी. मला नाही पटत. उत्तर न पाळण्याची तयारी ठेवून विचारलेल्या प्रश्नात नम्रता कुठून येणार?

ताबा या शब्दाचं उत्तर त्या मानाने सोपं निघालं, किंवा प्रवासाने ते सोपं केलं. देवांची पेटी आम्ही एकाही रात्री गाडीत ठेवली नाही. सूटकेस राहिल्या, कुकर राहिला, एकदा लॅपटॉपची बॅगसुद्धा राहिली, पण पेटी खोलीत येत होती. रोज सकाळी मोटेलच्या टेबलावरची कॉफीची यंत्रं बाजूला सरकवून स्वच्छ पंचा अंथरायचा, देव मांडायचे. तेव्हा मला सत्ताविसाव्या अध्यायातले तेरा-चौदा हे श्लोक समजले. मूर्ती आठ प्रकारच्या असतात हे सांगून (दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची, आणि मनातली) भगवंत लगेच त्यांचे दोन भाग करतात: चल आणि अचल. स्थापन केलेल्या अचल मूर्तीच्या पूजेत आवाहन-विसर्जन करायचं नाही. चल मूर्तीला ते करा अगर न करा, विकल्प आहे. आणि पुढे एक इतकी घरगुती सूचना आहे की वाचताना हसू येतं: लेपाच्या, चित्राच्या मूर्तीला आंघोळ घालू नका, नुसतं पुसून घ्या. म्हणजे ज्याने विश्व निर्माण केलं तो उद्धवाला सांगतोय की रंग जाईल, पाणी घालू नकोस.

चल मूर्ती हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण चल म्हणजे हलवता येण्यासारखी, एवढाच अर्थ डोक्यात होता. वायोमिंगमध्ये आय-८० च्या सगळ्यात उंच ठिकाणी, शर्मन समिटला, ८,६४० फुटांवर वाऱ्यात गाडी हलत असताना मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेल्या पेटीकडे पाहिलं आणि वाटलं, ही सोय देवाने स्वतःसाठी केलेली नाही. आपण हलणार हे त्याला ठाऊक होतं.

अचल देवही हलले आहेत म्हणा. आमचा मंगेशच बघा. झुआरीच्या काठी कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला, त्याचं मूळ देऊळ होतं. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर १५६० साली भक्तांनी त्याला नदीपार, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला नेलं. केळोशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला गेली. पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला गेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी त्याला परत आणलं, ही कथा तर वारीत सगळ्यांनाच माहीत आहे. आणि ज्या एकनाथांनी हा एकादश स्कंध मराठीत आणला, त्यांनी तो पैठणला नव्हे, काशीला १५७३ साली पूर्ण केला. आपल्या परंपरेत ज्यांना आपण मुळं समजतो त्यातली किती मुळं उचलून दुसरीकडे लावलेली आहेत.

पण इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. परदेशी मराठी मंडळांच्या कार्यक्रमात ही गोव्याची गोष्ट हल्ली फार ऐकू येते, आणि तिचा सूर असा असतो की बघा, आमच्या पूर्वजांनीही स्थलांतर केलं, आम्हीही केलं. ही तुलना मला सहन होत नाही. ते लोक रात्री होडीत देव घालून निघाले, कारण सकाळी देऊळ राहणार नव्हतं. आम्ही निघालो ते थंड गाडीत, दोन नोकऱ्यांची पत्रं खिशात घेऊन, मोटेलमध्ये आगाऊ बुकिंग करून. त्यांनी देवासाठी घर सोडलं. आम्ही आमच्यासाठी घर सोडलं आणि देवाला बरोबर घेतलं. दोन्हींत पाप नाही, पण दोन्ही एक नाहीत.

राहता राहिला वापर. मला सगळ्यात जास्त टोचलेला शब्द हा. आपण देव वापरतो का? बायको म्हणाली, "वापरतोच की. कागदपत्रं व्हावीत म्हणून मंगेशीला अभिषेक कुणी सांगितला होता?" मी सांगितला होता. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: दुःखी, जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला, आणि ज्ञानी. आमचा नंबर कुठला ते उघड आहे. पण भगवंत त्याच ठिकाणी, ज्ञानी मला सर्वांत प्रिय असं म्हणत असतानाच, या चौघांनाही उदार म्हणतात हे विसरू नये. काही मागायला का होईना, दार तरी त्याचंच ठोठावलं. मला या बाबतीत आपले काही आधुनिक प्रवचनकार जरा जास्तच कडक वाटतात. निष्काम नसाल तर तुमची भक्ती म्हणजे व्यवहार, असं ते तरुण पोरांना ऐकवतात, आणि मग पोरं ना निष्काम होतात ना मागायला येतात. मागणाऱ्यालाही देवघरात जागा आहे. ती भागवताने दिलेली आहे, आपण काढून घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी नेब्रास्कात प्लॅट नदीच्या काठाकाठाने रस्ता जात असताना मी आईला फोन लावला. भारतात रात्र होती, ती जागीच होती. शाळिग्रामाच्या किमतीचं सगळं प्रकरण तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, किंमत मुळीच लिहायची नाही. ती म्हणाली, "अरे, तो गंडकीत पडला होता तेव्हा त्याला कुणी शाळिग्रामसुद्धा म्हणत नव्हतं. तू डॉलर लिही नाहीतर रुपये लिही, त्याला काय फरक पडतोय? तुला पडतोय तर तुझं तू बघ." आणि लगेच, "तुळस कुठे मिळते का तिथे? नैवेद्य दाखवला का आज?"

तुळस नव्हती. कुंडीतली तुळस आम्ही शेजारच्या तेलुगू काकूंकडे ठेवून आलो होतो, कारण पाच दिवसांच्या उन्हात बंद गाडीत ती टिकली नसती. त्यावर गाडीत एक वेगळाच वाद झाला. मी म्हणत होतो, तुळस सोडून येणं हा एक छोटा त्यागच झाला. बायको म्हणाली, गीतेचा अठरावा अध्याय काढ. तिथे आठव्या श्लोकात सांगितलंय की कष्ट होतील या भीतीने जे सोडलं तो राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ नाही. गाडीत जागा नाही म्हणून सोडलेली खुर्ची, झेपणार नाही म्हणून सोडलेली तुळस, हे सगळं त्यात गेलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. घर हलवताना आपण शेकडो वस्तू वाटतो, फेकतो, आणि शेवटी रिकाम्या खोलीत उभं राहून वैराग्य आल्यासारखं वाटतं. ते वैराग्य नव्या घरी पहिल्या शनिवारी आयकियात उतरतं.

नैवेद्याला त्या दिवशी आम्ही चार बदाम आणि पाणी दाखवलं. जे सहज मिळेल त्याने पूजा करावी, आणि श्रद्धेने दिलेलं नुसतं पाणीही मला अतिशय प्रिय आहे, हे याच अध्यायात पंधरा ते अठरा श्लोकांच्या दरम्यान आहे. इतके दिवस मी ते वाक्य गरीब भक्तांसाठी असेल असं समजत होतो.

आयोवात मिसिसिपी ओलांडायच्या आधीच्या रात्री आम्ही रकाना भरायला बसलो. आईचं बोलणं माझ्या डोक्यात होतं: फरक त्याला पडत नाही, तुला पडतोय. म्हणजे प्रश्न शाळिग्रामाच्या मानापमानाचा नाही. प्रश्न माझ्या हाताचा आहे, मी काय लिहितो त्याचा. मग मी हा विचार केला की फॉर्म नेमकं काय विचारतोय. तो विचारतोय, ही वस्तू बाजारात किती रुपयांची आहे, म्हणजे त्यावर कर लावायचा का ते आम्हाला ठरवता येईल. पितळेच्या अन्नपूर्णेबाबत याचं खरं उत्तर आहे, धातूचं मोल. ते लिहिल्याने अन्नपूर्णा धातू होत नाही. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. जसं पासपोर्टवर माझी जन्मतारीख लिहिलेली आहे आणि ती खरी आहे, पण तो मी नव्हे. मूर्तींच्या ओळी अशा भरल्या. चांदीच्या टाकाला त्या दिवशीचा चांदीचा भाव लावला.

शाळिग्रामाबाबत बायको अडून बसली आणि मी तिच्या बाजूला गेलो. जी गोष्ट आपण विकणार नाही, विकत घेतली नाही, आणि ज्याची किंमत करणंच आपल्याला वर्ज्य आहे, तिथे बाजारभाव विचारणाऱ्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच नाही. आकडा टाकला तर तो बनवलेला आकडा होईल. म्हणून वस्तूच्या नावात लिहिलं: नदीतला काळा दगड, घरच्या पूजेचा, विक्रीसाठी नाही. आणि किमतीचा रकाना कोरा ठेवला. ठरवलं की विचारलं तर हेच तोंडाने सांगायचं, आणि अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे स्वतः आकडा टाकला तर टाकू द्यायचा. माझ्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे म्हणजे दोष दुसऱ्याच्या हातून करून घेणं झालं. मी विचार केला त्यावर. मला वाटतं, ज्याला तो दगड आहे त्याच्यासाठी तो दोष नाही. ज्याला तो विष्णू आहे त्याच्यासाठीच आहे. पण त्याचा आक्षेप अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

डेट्रॉइटहून अँबॅसेडर पुलावरून विंडसरला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अधिकारी तरुण होता, शांत होता. त्याने गाडीचे कागद बघितले, दारू आहे का विचारलं, बंदूक आहे का विचारलं, डाळी-मसाल्यांच्या पिशव्यांबद्दल विचारलं. यादीची पानं उलटली. देवघराच्या पानावर त्याचा अंगठा दोन सेकंद थांबला असेल. मग त्याने शिक्का मारला आणि सांगितलं की करमुक्त आणलेलं यातलं काही वर्षभराच्या आत विकलं किंवा कुणाला देऊन टाकलं तर कर भरावा लागेल.

म्हणजे कॅनडा सरकारच्या आज्ञेने आम्हाला बारा महिने देव कुणाला देता येणार नव्हते. बायकोला हे फार आवडलं. चारशे एक वरून टोरांटोकडे जाताना ती मधूनच हसत होती. नवीन घरात पूजा सुटायला लागली, मीटिंगा लवकर सुरू झाल्या, तर कुणाला तरी देऊन टाकू हा रस्ताच बंद. "आता बघ," ती म्हणाली, "रोज उठावंच लागणार तुला."

उठतोय. हिवाळ्यात इथे साडेसातपर्यंत अंधार असतो आणि नळाचं पाणी असं गार की शाळिग्रामाला स्नान घालताना बोटं बधिर होतात. कोमट घालावं का, यावर अध्यायात काही नाही. आईला विचारलं. "तुला गार लागतं ना, मग त्यालाही लागत असेल," म्हणाली. तेव्हापासून कोमट.

उद्या अठ्ठाविसावा अध्याय, ज्ञानयोग. मोठा आहे, दोन दिवसांत करू. ज्यांचा सत्ताविसावा राहिलाय त्यांनी आज देव पुसायच्या आधी निदान बारा ते अठरा श्लोक वाचून घ्या. एकनाथांची टीका जवळ असेल तर फारच छान.

रामकृष्ण हरी.